टकटक चोरीस गेल्याबाबत

पुरवणी जबाब

नाव: नोंदवहीत आहे, परंतु ओळख सर्वत्र 'दमानं मेस्त्री' अशी. वय: एकोणपन्नास वर्षे. शिक्षण: गावच्या शाळेत सातवीपर्यंत. धंदा: मोटार दुरुस्ती, विशेषतः जुन्या गाड्यांची इंजिने. राहणार: वर्कशॉपच्या मागच्या दोन खोल्या, लोखंडी पुलाच्या खालच्या अंगाला.

मी आज शनिवार, सात तारखेस, कोणी बोलावले नसताना आपल्या पायांनी ठाण्यात आलो असून पूर्ण शुद्धीत पुढीलप्रमाणे सांगतो. माझा पहिला जबाब गेल्या महिन्याच्या बावीस तारखेस याच टेबलावर झाला. त्यात सांगितले ते खरे आहे, परंतु पुरे नाही. शिवाय त्यानंतर मी एक कृत्य केले आहे. ते कोणाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

गेल्या महिन्याच्या अठरा तारखेस, सोमवारी, सकाळी पावणेसात वाजता मी वर्कशॉप उघडले, झाडून काढले, हात जोडले आणि काकूंच्या गाडीचे इंजिन चालू केले. गाडी एकेचाळीस वर्षे जुनी आहे. इंजिन चार सिलिंडरचे. ते मी पाच आठवडे खपून पुन्हा उभे केले होते. मी खिशातून एक नाणे काढून चालू इंजिनाच्या झाकणावर कडेवर उभे केले. इंजिनात जराही थरथर असली तर नाणे पडते. नाणे पडले नाही. मी शंभरापर्यंत आकडे मोजले, तरी पडले नाही. गाडीला कान लावल्याशिवाय ती चालू आहे हे कळत नव्हते. तीस वर्षांत असे काम माझ्या हातून दोनदा झाले, त्यातले हे दुसरे. मला फार आनंद झाला.

हवालदारसाहेब म्हणाले, जबाबात आनंद घेत नाहीत. मी म्हटले, मग समाधान घ्या. तेही घेत नाहीत असे समजले. तेव्हा 'काम पूर्ण झाले' असे समजावे.

तक्रारदार या सदर गाडीच्या मालकीणबाई असून वय चौऱ्याहत्तर आहे. मी त्यांना पहिल्यापासून काकू म्हणतो, म्हणून यापुढे काकू. त्यांचे यजमान, म्हणजे काका, सर्व्हे ऑफिसात नकाशे काढत. निवृत्त झाल्यावरही ते रोज त्याच ऑफिसात जाऊन बसत, कारण जुने नकाशे वाचणारा दुसरा कोणी नव्हता. ऑफिस घरापासून सव्वा किलोमीटर आहे. काका रोज संध्याकाळी सहाला निघत आणि सहा वाजून दहा मिनिटांनी दारात येत. सव्वा किलोमीटरला दहा मिनिटे लागत, कारण काका गाडीही नकाशा काढल्यासारखीच चालवत.

अकरा वर्षांपूर्वी या गाडीच्या तिसऱ्या सिलिंडरमध्ये आवाज सुरू झाला. पिस्टन म्हणजे सिलिंडरमध्ये वर-खाली पळणारे उपडे पातेले समजावे. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये एका केसाएवढी फट असावी लागते. ती वाढली की पिस्टन डुलतो आणि भिंतीवर आपटतो. त्याची टकटक होते. इंजिन तापले की धातू फुगतो, फट भरते आणि टकटक थांबते. परंतु सव्वा किलोमीटरात इंजिन तापत नाही. त्यामुळे काका घरी पोचेपर्यंत टकटक चालूच असे.

मी तेव्हाच काकांना सांगितले होते. वर्कशॉपच्या दारात उभे राहून आमचे बोलणे झाले ते असे:

"काका, तिसऱ्यात फट वाढलीय. उघडून घेऊ."

"धोका आहे का?"

"आज नाही. पण पिस्टन थकत जाणार. एक दिवस तडा जाईल."

"मग असू दे, मेस्त्री. त्या आवाजावर आमचं घर चालतं."

मला वाटले, थट्टा करताहेत. नंतर कळले की ती थट्टा नव्हती. गल्लीच्या तोंडाशी टकटक ऐकू आली की काकू गॅस पेटवत, ताटे घेत आणि गेटची कडी काढत. गल्ली एका मिनिटाची आहे. ते मिनिट काकूंना बरोबर पुरत असे. असे अकरा वर्षे चालले. काका दरवर्षी तेलपाण्याला गाडी आणत, मी दरवर्षी "उघडून घेऊ" म्हणत असे आणि काका "असू दे" म्हणत. छातीत दुखते तेव्हा डॉक्टरांनाही ते हेच सांगत, हे मला नंतर त्यांच्या मुलीकडून कळले. मागच्या वर्षाच्या शेवटी काका गेले.

काका गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यापासून, काकूंच्या सांगण्यावरून, त्यांचे जावई रोज संध्याकाळी गाडी घेऊन सर्व्हे ऑफिसच्या फाटकापर्यंत जात, तिथे थांबत आणि सहा वाजता परत निघत. जावई त्यासाठी कामावरून लवकर येत. गाडीत दुसरे कोणी नसे. असे पाच महिने चालले. जावयांनी याबद्दल माझ्याजवळ कधी कुरकूर केली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवून घ्यावे. एवढेच म्हणाले होते, "मेस्त्री, आम्ही लग्नात हो म्हटलं ते कशाकशाला, हे आता एकेक कळतंय."

गेल्या महिन्याच्या आधीच्या महिन्यात, तेरा तारखेस, रविवारी, जावई तीच गाडी मित्रांसह हमरस्त्यावर घेऊन गेले. काकांच्या हाती पस्तिशीच्या वर न गेलेली गाडी त्यांनी नव्वदने पळवली. इंजिनातून आवाज वाढू लागला, तेव्हा त्यांनी काय केले असे मी विचारले. "रेडिओ मोठा केला," असे त्यांनी सांगितले. चौदाव्या किलोमीटरला पिस्टन फुटला. जावयांचे म्हणणे, गाडी आपोआप थांबली. हे बरोबर आहे. चालत्या इंजिनात फुटका पिस्टन असल्यावर ती आपोआपच थांबते.

गाडी दोराने ओढून माझ्याकडे आणली. मी इंजिन उघडले. तिसऱ्या पिस्टनचा खालचा घेर तुटून त्याचे सात तुकडे तेलाच्या टाकीत पडले होते. पिस्टनला धरणारा दांडा वाकला होता. सिलिंडरच्या भिंतीवर नांगरल्यासारखे ओरखडे होते. मी तुकडे रॉकेलने धुतले आणि फडक्यावर मांडले. एक तडा जुना होता, आतून काळा पडलेला. तो नव्वदच्या वेगाचा नव्हता. तो वर्षांचा होता. जावई शेजारी उभे होते आणि रडकुंडीला आले होते. त्यांना हा जुना तडा मी त्या दिवशी दाखवला नाही. तो दाखवला असता, तर त्यांचा निम्मा भार उतरून माझ्याकडे आला असता. पहिल्या जबाबात हे राहिले, ते आज सांगतो.

पाच आठवड्यांत केलेले काम असे: ब्लॉकला, म्हणजे सिलिंडरांच्या ओतीव ठोकळ्याला, तिसऱ्या सिलिंडरपुरती नवी बाही, म्हणजे आतली नळी, बसवली. बाकीची तीन सिलिंडरे घासून घेतली. दांडा नवा. या गाडीचे पिस्टन आता कुठे मिळत नाहीत. पाण्याच्या पंपाच्या इंजिनाचे चार पिस्टन आणून ते लेथवर मापात उतरवले. चारही पिस्टन एकाच वजनाचे लागतात, नाहीतर इंजिन लंगडते, म्हणून ते सोनाराच्या काट्यावर तोलून घेतले. सोनार म्हणाले, "मेस्त्री, ह्याचा दागिना कोणासाठी?" ब्लॉकचे बोअरिंग, म्हणजे सिलिंडरे मापात कोरण्याचे काम, माझे जुने स्नेही बोअरिंगवाले यांनी केले. त्यांना ऐकू येत नाही. चाळीस वर्षे यंत्राजवळ उभे राहून त्यांचे दोन्ही कान गेले आहेत, पण बोटांना केसाचा चौथा भाग कळतो.

अठरा तारखेस संध्याकाळी जावई गाडी घेऊन गेले आणि रिवाजाप्रमाणे सहाला सर्व्हे ऑफिसपासून निघाले. सहा वाजून दहा मिनिटांनी ते गेटपाशी होते. गेट उघडले नाही. त्यांनी हॉर्न वाजवला, तरी उघडले नाही. काकू स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या होत्या. मुलगी म्हणाली, "आई, गाडी आलीय." काकू म्हणाल्या, "कुठाय? मला तर काही ऐकू आलं नाही." मुलगी म्हणाली, "हॉर्न वाजतोय की!" काकू म्हणाल्या, "हॉर्न काय, कोणीही वाजवतं." जावई चाळीस मिनिटे बाहेर होते. शेवटी मुलीने कडी काढली. गॅस पेटला नाही. त्या संध्याकाळी काकू जेवल्या नाहीत.

गाडी माझ्याकडे होती ते पाच आठवडेही काकू संध्याकाळच्या जेवल्या नव्हत्या. चहा आणि दोन बिस्किटे एवढेच. गाडी आल्यावर सगळे सुरळीत होईल असे घरचे धरून चालले होते. मीही तसेच धरून चाललो होतो. मुलगी मला फोनवर म्हणाली, "आईचा ब्लाउज खांद्यावरून ओघळायला लागलाय, मेस्त्री." हे मी आत्ता सांगतोय तेवढ्या शांतपणे तेव्हा ऐकले नव्हते.

एकोणीस तारखेस सकाळी दहा वाजता काकू या ठाण्यात आल्या व त्यांनी तक्रार सांगितली ती अशी: आमच्या गाडीतील टकटक, अकरा वर्षे वापरातील, मेस्त्रीने संमती न घेता काढून नेली आहे. हवालदारसाहेबांनी अशी तक्रार घेता येत नाही असे सांगितले. काकू बाकावर बसल्या. संध्याकाळी सहाला घरी गेल्या. वीस तारखेस पुन्हा आल्या आणि बसल्या. एकवीस तारखेसही बसल्या. हवालदारसाहेबांनी तीनही दिवस त्यांना चहा दिला, तो तसाच निवला. बावीस तारखेस हवालदारसाहेबांनी वही पुढे ओढली. (हवालदारसाहेब म्हणतात, कारण लिहू नये. त्यांची आई चौऱ्याहत्तरचीच आहे, एवढेच मी सांगतो.)

वहीत चोरीच्या मालाचे रकाने आहेत. ते भरताना मी हजर होतो.

"रंग?" हवालदारसाहेबांनी विचारले.

"आवाजाला कुठला रंग?" काकू म्हणाल्या.

"वजन?"

"हलका होता. पण लांबून कळायचा."

"ओळखीची खूण?"

"दोनदा जवळजवळ, मग जरा थांबून एकदा. चढ असला तर उलटं."

"किंमत अंदाजे?"

तो रकाना अजून रिकामा आहे.

मग हवालदारसाहेब माझ्याकडे वळले. "मेस्त्री, माल तुमच्याकडे आहे का?"

मी म्हटले, "साहेब, होता तो फुटला. फुटलेले तुकडे वर्कशॉपात आहेत."

त्यावरून सात तुकडे जप्त करून कापडी पिशवीत घातले, वर लाखेचा शिक्का मारला आणि मुद्देमालाच्या खोलीत ठेवले. काकू जाता जाता मला म्हणाल्या, "मेस्त्री, तुम्ही माणूस चांगले. पण माझं घर मुकं करून ठेवलंत." मी "दमानं घ्या, काकू" म्हटले. ते मी कोणालाही म्हणतो.

पंचवीस तारखेस, सोमवारी, सकाळी अकरा वाजता ठाण्याच्या आवारात ओळख परेड झाली. चोरीचा माल तशाच दुसऱ्या पाच वस्तूंत मिसळून तक्रारदाराला ओळखायला लावतात, असा नियम असल्याचे हवालदारसाहेबांनी सांगितले. पाच जमले नाहीत, चार जमले. काकूंना भिंतीकडे तोंड करून उभे केले. त्या भिंतीवर हरवलेल्या माणसांच्या फोटोंचा फलक आहे. पंच म्हणून सोनार व बोअरिंगवाले यांना बसवले.

पहिला आवाज ठाण्याच्या जीपचा. काकू म्हणाल्या, "ह्याला दमा आहे." हे खरे निघाले. जीपचा एअर फिल्टर मी नंतर साफ करून दिला.

दुसरा पाण्याच्या टँकरवरच्या पंपाचा. काकू म्हणाल्या, "हा ओरडतो. आमच्याकडे कोणी ओरडत नसे."

तिसरा, समोरच्या शिंप्याचे शिवणयंत्र. काकूंनी बराच वेळ ऐकले. मग म्हणाल्या, "हा कामात आहे. घरी येत नाहीये."

चौथा आवाज जावयांनी स्वतःहून दिला. एका डब्यावर बोटांच्या पेरांनी त्यांनी टकटक केली. दोनदा जवळजवळ, थांबून एकदा. पाच महिने रोज ऐकलेली असल्याने त्यांना चाल बरोबर येत होती. काकूंची मान थोडी वळली. मग त्या म्हणाल्या, "जावईबापू, खाली बसा. तुम्ही फार दमलात." जावयांनी डबा ठेवला.

शेवटी काकांची गाडी चालू केली. आवारात शांतता झाली. काकू भिंतीकडे तोंड करूनच उभ्या होत्या.

"पाचवा लावा की," त्या म्हणाल्या.

"चालू आहे, काकू," मी म्हटले.

"काय चालू आहे?"

पंचनाम्यावर दोन्ही पंचांनी 'सर्व आवाज समक्ष ऐकले' असे लिहून सह्या केल्या. त्यातल्या एका पंचाला ऐकू येत नाही हे हवालदारसाहेबांना सह्या झाल्यावर कळले. बोअरिंगवाले म्हणाले, "मला विचारलं कुणी?" जाण्यापूर्वी काकूंनी फलकाकडे बोट करून हवालदारसाहेबांना विचारले, "यांच्यातलं कुणी सापडलं का?" हवालदारसाहेब म्हणाले, "एक. तो खालच्या कोपऱ्यातला. आपणहून घरी आला. फोटो फलकावरून उतरवायचा राहिलाय." काकूंनी त्या फोटोकडे पाहिले आणि मान हलवली.

मी घरी येऊन बायकोला सगळा प्रकार सांगितला. मी म्हटले, "माझ्या कामात खोट काढून दाखवावी कोणी. नाणं उभं राहतं." बायको पीठ मळत होती. ती म्हणाली, "नाण्याला गाडीतून फिरायला जायचंय का? तुम्ही गाडी नीट केलीत. घर बिघडवलंत." मी म्हटले, "मुद्दाम वाईट काम करू का मग?" ती म्हणाली, "अकरा वर्षं वाईट चाललेलं कानानं ऐकलंत ना? तेव्हा नाही टोचलं?" मी आठवडाभर नीट जेवलो नाही. काकूही नव्हत्या जेवत. त्यामुळे मला तक्रार करता येईना.

मी रोज सकाळी वर्कशॉपात हात जोडतो तेव्हा एकच मागतो: हातून खोटे काम होऊ देऊ नकोस. आठवडाभर मी याच मागण्यावर अडकलो होतो. निरोगी इंजिनात दोष घालणे हे खोटे काम. पण इंजिनात दोष न घालता डब्याबिब्याने आवाज काढणे, ते त्याहून खोटे. काकूंना ते कळले असते. शिंप्याचे यंत्र त्यांना कळले, मग डबा का नाही कळणार? मग असे वाटले, की दोष खरा असेल तर आवाज खरा होईल. आणि दोष किती असावा, हे ठरवायला मी तीस वर्षे शिकलो आहे.

दोन तारखेस, सोमवारी, मी ठाण्यात येऊन हवालदारसाहेबांना विनंती केली की मुद्देमालाचे माप घेऊ द्यावे. त्यांनी शिक्का फोडला, मी मायक्रोमीटरने तुटका घेर मोजला, पुन्हा शिक्का मारला. जुनी फट चार केसांची होती. चार केसांनी पिस्टन फुटला होता. एका केसाने आवाज येत नाही. मी तीन केसांवर आलो. तीन केसांनी आवाज येईल, आणि गाडी रोज सव्वा किलोमीटर, काकांच्या चालीने चालली, तर नवा मजबूत पिस्टन माझ्या हयातीत फुटणार नाही.

मी बोअरिंगवाल्यांकडे गेलो आणि पाटीवर लिहून दाखवले: तिसरे सिलिंडर दोन केस मोठे करा. त्यांनी पाटी वाचली, पुसली आणि परत दिली. मी पुन्हा लिहिले. ते मोठ्याने म्हणाले (ते सगळेच मोठ्याने म्हणतात), "चाळीस वर्षांत अर्धा केस चुकलो नाही! आता मुद्दाम चुकू?" मी लिहिले: म्हातारी जेवत नाही. ते वाचून ते बराच वेळ यंत्रावरचा किस झटकत राहिले. मग म्हणाले, "माझ्या हातून नाही होणार. तुझ्या हातून कर. मी बघणार नाही." आणि लेथची किल्ली माझ्यापुढे ठेवून बाहेर जाऊन बसले.

बुधवारी मी जावयांकडून गाडी आणून इंजिन उघडले. गुरुवारी, पाच तारखेस, सकाळी पावणेसात वाजता वर्कशॉप उघडले, झाडून काढले. हात जोडले, पण काही मागितले नाही. मग तिसऱ्या सिलिंडरचा चांगला पिस्टन हातात घेतला, बोअरिंगवाल्यांकडे नेऊन त्यांच्या लेथवर चढवला आणि सिलिंडर वाढवण्याऐवजी पिस्टनच्याच घेरावरून दोन केस उतरवले; फट तेवढीच वाढते. पिस्टन चांगला होता हे मला माहीत होते. वजन तीन ग्रॅमने कमी झाले. तेवढेच बाकीच्या तीन पिस्टनांच्या आतून कमी केले. काट्यावर तोलताना सोनार म्हणाले, "आता दागिना झिजवून आणलात का?" चूक एकच ठेवायची, तिला पिलावळ होऊ द्यायची नाही, एवढी काळजी मी घेतली.

शुक्रवारी दुपारी चार वाजता इंजिन जोडून झाले. चालू केले. झाकणावर नाणे कडेवर उभे केले. ते पडले. मी पुन्हा उभे केले. पुन्हा पडले आणि घरंगळत बाकाखाली गेले. बोअरिंगवाले तोपर्यंत आले होते. त्यांनी झाकणावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "दोनदा, मग एकदा." माझ्या वाईट कामाला त्यांनी दिलेली ही पहिलीच पावती.

मग इंजिन पूर्ण थंड होऊ दिले. जावयांना मी सांगून ठेवले होते की आज मी आणतो. सहाला मी सर्व्हे ऑफिसच्या फाटकापासून निघालो. गाडी काकांच्या चालीने चालवली. मागून दोघांनी हॉर्न दिले, एकाने खिडकीतून "आजोबा, ढकलू का?" असेही विचारले. गल्लीच्या तोंडाशी टकटक स्पष्ट ऐकू येत होती. मी काच खाली केली. गल्लीच्या मध्यावर असताना मला कडी निघाल्याचा आवाज आला. गेट मी पोचण्याआधी उघडे होते.

काकू गेटच्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. बॉनेटकडे पाहिले. मी गाडी आत घेतली आणि बंद केली.

"उशीर झाला," काकू म्हणाल्या.

माझ्या घड्याळात सहा वाजून बारा मिनिटे झाली होती. मी "हो" म्हटले.

"हात धुऊन घ्या."

मी हात धुतले. आत गॅस चालू होता. ओट्यावर दोन ताटे होती. मुलगी आणि जावई दाराशी उभे होते, त्यांची ताटे नंतर घेतली. काकू जेवल्या. मधेच एकदा थांबून म्हणाल्या, "मेस्त्री, हा तोच नाही." मी म्हटले, "नाही, काकू. पण खरा आहे." त्यांनी थोडा विचार केला. "सर्दी झाली तर माणसाचा आवाज एवढा बदलतोच," असे म्हणून त्यांनी पुन्हा वाढून घेतले. किती, ते मुलीने मोजले. मी मोजले नाही.

निघताना मी गाडीच्या किल्ल्या काकूंच्या हातात दिल्या आणि जावयांसमोर सांगितले, की ही गाडी ऑफिसच्या फाटकापलीकडे न्यायची नाही, तापू द्यायची नाही, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी येऊन तपासणार. मग जावयांना गाडीमागे नेऊन जुन्या काळ्या तड्याची सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळं नाही?" मी म्हटले, "निम्मं तुमच्यामुळं. निम्मं आम्हा दोघांमुळं, काकांच्या आणि माझ्या." ते गाडीला टेकून थोडा वेळ उभे राहिले. काकूंनी हवालदारसाहेबांना निरोप दिला आहे: मिळाली.

हवालदारसाहेबांचे म्हणणे असे की मग तक्रार मिटली, मी घरी जावे. माझे म्हणणे तसे नाही. मी चांगले इंजिन जाणूनबुजून बिघडवले आहे. गिऱ्हाइकाने तसे मला सांगितले नव्हते. हे कोणत्या कलमात बसते ते मला माहीत नाही, हवालदारसाहेबांनी पुस्तक पाहिले, त्यांनाही सापडले नाही. पुढे कोणी मेस्त्री हे इंजिन उघडेल आणि तिसऱ्या पिस्टनची फट मोजून म्हणेल, ज्याने हे केले त्याला काम येत नव्हते. त्याच्यासाठी हा जबाब इथे असू द्यावा. ते नाणे बाकाखालून काढून आणले आहे, ते टेबलावर ठेवत आहे. ते आता मला लागणार नाही. मी चूक केली आहे, मोजून केली आहे, आणि ती मी दुरुस्त करणार नाही.

हा मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना ते दोनदा थांबून पाणी प्यायले, तेवढे सोडून सर्व माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. जिथे 'आवाज' खोडून 'मालमत्ता' केले आहे तिथे मी बाजूला सही केली आहे. किमतीचा रकाना माझ्या समक्ष पुन्हा पाहिला. तो तसाच रिकामा ठेवावा असे आम्हा दोघांचे ठरले.